गुलाबी म्हैस

म्हैस गुलाबी झाली होती.

पोट बिघडल्यावर लहान मुलांना जे औषध पाजतात ना, तसली घट्ट, चकचकीत गुलाबी. ऊन चांगलंच चढलं होतं, ऑइलपेंटचा वास नाकात जाऊन बसत होता. पाहणीला आलेल्या बाई दोन पावलं मागे सरल्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि डोळे मिटून घेतले. उघडून पाहिलं, तर म्हैस होती तशीच गुलाबी.

ही म्हैस काही चारा खाणारी नव्हती. ती काँक्रीटची होती, दोन माणसांएवढी उंच. साठ वर्षांपूर्वी ही वसाहत ज्याने आखली, त्याने नकाशावर तिचं नाव लिहिलं होतं ‘आकार क्रमांक तीन’. पोरांना तो आकार बसलेल्या म्हशीसारखा दिसला, आणि तेव्हापासून ती म्हैस. तिची एक बाजू उभी. त्या बाजूला ओल्या काँक्रीटमध्ये बारीक खडे दाबून बसवलेले, म्हणजे अनवाणी पाय घट्ट राहावेत. दुसरी बाजू घोटून गुळगुळीत केलेली, घसरायला. चढायचं इकडून, उतरायचं तिकडून. कोणाला शिकवावं लागत नाही, पाटी लावावी लागत नाही. अंगठ्याला खडे लागले की तीन वर्षांच्या पोरालाही कळतं.

वसाहत म्हणजे सहा मजली, लांबलचक अकरा इमारती. तशा इमारती कुठल्याही शहरात दिसतील. पण त्या माणसाने इमारतींच्या मधली जमीन सपाट करून टाकली नव्हती. कुठे टेकाड ठेवलं, कुठे खळगा. पावसाचं पाणी टेकाडावरून खळग्यात उतरायचं, आठवडाभर तिथे छोटं तळं व्हायचं आणि मग जिरून जायचं. या सगळ्याच्या कडेने, बसायला म्हणून एक लांब, बुटकी भिंत काढलेली. लाकडी फळ्यांच्या साच्यात ओतलेली, त्यामुळे लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं तिच्या अंगावर उमटलेलं. बाईंनी गेल्या वर्षी कच्ची पाहणी केली, तेव्हा त्या भिंतीवर तासभर नुसता हात फिरवत बसल्या होत्या.

आता भिंत पोपटी होती. रंगाचे तीन हात बसले होते. एकही रेषा दिसत नव्हती, एकही गाठ नाही. झाडांच्या बुंध्यांनाही पट्टे मारलेले. म्हशीच्या पायथ्याशी बाई वाकल्या, तर एक गोगलगाय दिसली. तिलाही रंगवलं होतं. शंखाचं तोंड रंगाने काँक्रीटला चिकटून गेलेलं, आणि आजूबाजूला मुंग्या, गुलाबी थरात पाय वर करून अडकलेल्या. बाईंना खरोखरच उमासा आला.

ऑफिसात बाईंना सगळे फूटपट्टी म्हणत. राजवाडे आणि देवळं सोडून लोकांच्या घरांची, अंगणांचीही वारसा म्हणून पाहणी व्हावी, यासाठी त्या अकरा वर्षं भांडल्या होत्या. “उद्या संडासांनाही मार्क द्याल,” असं म्हणून लोक हसले होते. शेवटी त्यांनीच शंभर मार्कांचा फॉर्म तयार केला. पन्नास मिळाले तर जागा राखायची. नाही मिळाले तर मोकळी करायची. इथे मोकळी करायची म्हणजे टेकाड कापून, खळगा भरून, म्हैस फोडून तीन उंच मनोरे उभे करायचे. गेल्या वर्षी कच्च्या पाहणीत वसाहतीला अडुसष्ट मिळाले होते. त्यातले पंचवीस होते ‘मूळपणा’चे. आणि मूळपणाचा नियम बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला होता: मूळ पृष्ठभागावर ऑइलपेंट असेल तर शून्य. बिल्डर लोक जुन्या वास्तूंना रंगवून, चकाचक करून त्यांची वाट लावतात, त्यांना चाप बसावा म्हणून.

“काय ताई! ओळखू येतेय का?”

मागून नळकाका आले. वसाहतीतले नळ, टाक्या, गटारं हे चाळीस वर्षं सांभाळणारे. आज त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कानाच्या पाळीवर मात्र गुलाबी ठिपका राहून गेला होता. त्यांच्यामागे पंधरा-वीस बायामाणसं आणि पोरं, सगळी अंघोळ करून, केस विंचरून, परीक्षेला बसल्यासारखी.

“चार दिवस खपलोय सगळे,” नळकाका म्हणाले. “आमच्या हिचा खांदा अजून वर होत नाही. पण म्हटलं, ताई येणार, मार्क देणार, काळं मळकट काय दाखवायचं?”

तेवढ्यात समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी पुढे आली.

“मावशी, म्हैस आता चढू देत नाही.”

“गप गं,” कोणीतरी म्हणालं.

“नाहीच देत! बघ.” ती धावत गेली, उभ्या बाजूला चार पावलं चढली आणि सर्रकन पोटावर खाली आली. “परवा छोटूची हनुवटी फुटली. दोन टाके.”

बाईंनी चढणीवर तळहात ठेवला. खडे रंगाखाली बुडून गेले होते. हात ऑइलपेंटवरून घसरला, आणि उन्हाने मऊ झालेला रंग साय सुरकुतावी तसा बोटांखाली सुरकुतला.

“काका,” त्या म्हणाल्या, “जरा बसू या.”

पोपटी भिंतीवर बसून त्यांनी नळकाकांना फॉर्म दाखवला. एकेक ओळ, एकेक मार्क, सावकाश. नळकाका चष्मा वर-खाली करत ऐकत होते. मूळपणापाशी आल्यावर त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

“म्हणजे काळं ठेवलं असतं तर पास?”

“हो.”

“आणि आम्ही घाम गाळला म्हणून नापास?”

“घामामुळे नाही, काका. रंगामुळे.”

“काय उलटी शाळा आहे हो ही!” नळकाका उभेच राहिले. “मग साहेबांनी कशाला सांगितलं?”

“कुठल्या साहेबांनी?”

“अहो, तुमच्याच. ते काय, गाडीत बसलेत ते. तीन आठवडे झाले. आले, हिंडले, म्हणाले, पाहणीवाल्या बाई फार टापटिपीच्या आहेत, असलं काळं सिमेंट पाहिलं की त्यांना किळस येते. झकास रंगवून काढा. रंगही त्यांनीच पाठवला.” त्यांचा आवाज खाली आला. “तुमचं नाव घेतलं, ताई. नाहीतर आम्ही कशाला म्हशीला हात लावतोय?”

पंपाच्या खोलीत रिकामे डबे रचून ठेवले होते. “नंतर पाण्याला होतील म्हणून ठेवले,” नळकाका म्हणाले. प्रत्येक डब्यावर बाईंच्या ऑफिसचा शिक्का होता: ‘फक्त कार्यालयीन कामासाठी’. हाच शिक्का रोज त्यांच्या टेबलावर असे. आज तो पाहून अन्नावर झुरळ दिसल्यासारखं झालं.

आणि नियम तर त्यांचाच होता. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांना डोकं चालवावं लागलंच नसणार. फॉर्म वाचला असेल, कुठे घाव घालायचा ते त्यातच लिहिलेलं होतं. आपण इतक्या कष्टाने, रात्रंदिवस खपून सुरी घडवली आणि मूठ नेमकी याच्याकडे धरून दिली, हे बाईंच्या लक्षात आलं, आणि आतापर्यंत रंगाची, वासाची येत होती ती किळस फिरून त्यांच्यावरच आली.

साहेब गाडीत काच अर्धी खाली करून बसले होते. गाडीच्या किल्लीने कान कोरत होते. किल्ली बाहेर काढायची, टोकाला काय आलं ते निरखून बघायचं, सीटच्या कडेला पुसायचं आणि पुन्हा कानात. मांडीवर सोललेलं संत्रं होतं. सालं खिडकीतून खाली टाकलेली.

“झालं का बाई? उकडतंय.”

“रंग तुम्ही दिलात?”

“कुठला रंग?” त्यांनी मान बाहेर काढली. “अरे वा! छान दिसतंय की. लोकांना हौस आहे.”

“डब्यांवर आपला शिक्का आहे.”

“असेल. जुना माल पडून होता, गोरगरिबांना दिला. स्वच्छता करा म्हटलं, यात माझं काय चुकलं?” एक फोड तोंडात टाकून ते चघळत बोलू लागले. “नियम काय मी केलाय? अकरा वर्षं आमचं डोकं खाल्लंत, मूळपणा, मूळपणा. आता धरा पट्टी. का आपल्या माणसांसाठी पट्टी वाकते?”

बी त्यांनी तळहातावर थुंकली आणि खिडकीबाहेर झटकली. ती बाईंच्या चपलेवर पडली. मनोऱ्यांच्या नकाशावर साहेबांची सही केव्हाच झाली आहे, हे ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

“पट्टी वाकणार नाही,” बाई म्हणाल्या.

त्या परत भिंतीवर जाऊन बसल्या. पाहणीचा फॉर्म जागेवरच, लोकांसमोर भरायचा आणि त्याची एक प्रत तिथल्याच फलकावर महिनाभर लावायची, हाही त्यांचाच आग्रह होता. लोकांच्या हरकती ऐकल्याशिवाय वारसा ठरवणाऱ्या समितीला अंतिम निकाल देता येत नसे. कार्बन घालून त्यांनी लिहायला सुरुवात केली. जमिनीची आखणी, पूर्ण. पाण्याची वाट, पूर्ण. लोकांचा वापर, पूर्ण. मूळपणापाशी पेन थांबलं. पाच जरी लिहिले, तरी पन्नास होत नव्हते. आठ लिहिले, तर होत होते. एकावन्न. आठाचा आकडा काढायला कितीसा वेळ लागतो?

नळकाका त्यांच्या पेनाकडे बघत होते.

बाईंनी शून्य लिहिलं. बेरीज त्रेचाळीस.

मग त्यांनी पान उलटलं. मागे चौदावा रकाना होता: बदल कोणी केला, कशाने केला, कोणाच्या सांगण्यावरून केला. हा रकाना आजवर एकानेही नीट भरला नव्हता. ‘रहिवासी’ एवढं लिहिलं की काम झालं. बाईंनी तो बारीक अक्षरात भरून काढला. डब्यांची संख्या, शिक्क्यातला मजकूर, तारीख, साहेबांचं पद, त्यांचे शब्द. छोटूचे दोन टाकेही लिहिले. जागा संपली तेव्हा समासात लिहिलं.

फॉर्म घेऊन त्या गाडीपाशी गेल्या. “वाचून सही करा,” म्हणाल्या.

“वाचायचं काय त्यात?” साहेबांनी फक्त बेरीज पाहिली. त्रेचाळीस. चेहरा खुलला. चिकट हातानेच त्यांनी फॉर्म बोनेटवर ठेवून सही ठोकली, कागदावर संत्र्याचा पिवळा अंगठा उमटला. “शाबास. मला वाटलं होतं, तुम्ही रडारड करणार.”

बाईंनी प्रत फलकावर लावली. नळकाका चष्मा सावरून मोठ्याने वाचू लागले. बेरजेपाशी लोकांचे चेहरे पडले. एक म्हातारी म्हणाली, “झालं, गेली म्हैस.” मग काकांनी मागचं पान वाचायला घेतलं. अर्ध्यावर त्यांचा आवाज चढला, आणि ते मुद्दाम तेच वाक्य दुसऱ्यांदा, गाडीपर्यंत पोचेल असं वाचू लागले.

गाडीचं दार धाडकन उघडलं.

“काढा तो कागद!”

“महिनाभर काढता येत नाही,” बाई म्हणाल्या. “खाली तुमची सही आहे.”

साहेबांनी हात पुढे केला. पण फलकासमोर तोवर माणसं उभी राहिली होती. कोणी हलत नव्हतं. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. “उद्यापासून तुमचं टेबल कुठे असेल, सांगता यायचं नाही,” एवढं म्हणून ते गाडीत बसले. गाडी सालांवरून निघून गेली.

दातपडक्या मुलीने चिरडलेलं साल दोन बोटांत धरून उचललं. “शी!” म्हणाली, आणि जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

“आता खरवडून काढतो म्हशीला,” नळकाका बाह्या सरसावत म्हणाले. दोघे-तिघे घरून सुऱ्या आणायला पळालेसुद्धा.

“थांबा, थांबा! एक ओरखडा काढायचा नाही.”

“का?”

“खरवडलं की खडेही निघतील. रंग उतरवायची रीत असते, काका, ती मी शिकवीन. पण महिनाभर नाही. समितीची माणसं येतील तेव्हा रंग दिसायला हवा. तोच आपला पुरावा.”

“महिनाभर हे बघायचं?” काकांनी नाक मुरडलं. “दार उघडलं की समोर हेच.”

“हेच.”

“समिती काय म्हणेल?”

“ठाऊक नाही.” खोटा धीर त्यांना देता आला नसता.

बाईंनी पंपाच्या नळावर साबणाने तीनदा हात धुतले. वास गेला नाही. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली.

“मावशी, मग आम्ही महिनाभर चढायचंच नाही?”

नळकाका डोकं खाजवत होते. मग ते पंपाच्या खोलीत गेले आणि पाइप गुंडाळायला ठेवलेलं मोठं गोणपाट काढून घेऊन आले. “हे वरून सोडलं तर? पाय राहील पोरांचा.”

बाईंनी गोणपाट चाचपून पाहिलं. “चालेल. पण गोंद नको, खिळे नकोत. वरून खाली नुसतं सोडायचं, टोकाला दोरी, आणि दोरी मागच्या झाडाला.”

गोणपाट बसलं. मुलगी पहिल्यांदा हाताने, मग पायाने खात्री करत वर गेली आणि तिथून ओरडली, “राहतोय! पाय राहतोय!” खाली रांग लागली.

बाई फलकापाशी गेल्या. फॉर्मच्या दोन्ही प्रतींवर, चौदाव्या रकान्यात, समासात उरलेल्या इंचभर जागेत त्यांनी आजची तारीख घालून लिहिलं: बदल – गोणपाट, एक. कोणी केला – नळकाका. कोणाच्या सांगण्यावरून – मुलांच्या.