पोटातलं शिसं

घड्याळजीला पाण्याची भीती. लहानपणी तळ्यात बुडता बुडता थोरल्या भावानं केसांना धरून वर ओढलं, तेव्हापासून त्यानं पाण्यात पाऊल म्हणून घातलं नाही. आणि छंद पाहा, लाकडी मासे करायचा! बोटभर लाकूड तासायचं, पोटात वजनाला शिसं भरायचं, खवले रंगवायचे, खाली गळ अडकवायचा. खऱ्या माशाला भूल पडावी असं रूप. देवानं हातांत कला घातली नि पायांत भीती. मग ते मासे पाण्यात न्यायचे थोरल्यानं.

दर रविवारी थोरला दुकानात येऊन लाकडावरचे दातांचे व्रण दाखवायचा.

"बघ, कसा तुटून पडलाय! घड्याळं चालवतोस नि मासे मारतोस, छोट्या."

"केवढा होता रे?"

"तुझ्या वहिनीच्या रागाएवढा!"

वीस वर्षं हे चाललं. मग एका रविवारी थोरला चाचरत म्हणाला, "छोट्या, शिसं जरा तोंडाकडे घालून बघतोस का?"

घड्याळजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वीस वर्षं मासे लागले ते काय शिसं चुकलं म्हणून? आता तू मला शिकव!"

"अरे, तसं नाही..."

"तसंच आहे. नको नेऊस माझे मासे."

त्यानंतर थोरला दोनदा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. घड्याळजीनं डोळ्यावरचं भिंग काढलं नाही, मान वर केली नाही. सख्खा भाऊ दारात असताना तोंड फिरवायचं बळ माणसात कुठून येतं, देव जाणे. चार महिने असेच गेले, आणि एके दुपारी जेवता जेवता थोरल्याचं हृदय बंद पडलं.

महिन्याभरानं वहिनीनं दुकानात येऊन पत्र्याचा डबा त्याच्यापुढे ठेवला. आत सगळे मासे. त्यानं एक उचलला, सवयीनं भिंग लावलं. दातांचे व्रण सगळे गोल, एका खोलीचे, एका अंतरावर. जिवंत तोंड असं मोजून चावत नाही.

"वहिनी, हे काय?"

वहिनीनं पदर बोटाला गुंडाळला. "दाभणानं टोचायचे, भावजी. दर शनिवारी. मी म्हणायचे, अहो, सांगून टाका एकदा. तर म्हणायचे, त्याला पाण्यात उतरता येत नाही, निदान त्याचे मासे पोहतात असं तरी वाटू दे."

"म्हणजे... पोहतच नव्हते?"

"ओढले की आडवे व्हायचे."

"मग त्या दिवशीच का बोलला?"

"डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं ना. म्हणाले, मी गेल्यावर त्याला खरं कोण सांगणार?"

घरी येऊन घड्याळजीनं नवा मासा तासला. शिसं तोंडाकडे घातलं. गळ लावलाच नाही.

सकाळी तो तळ्यावर गेला. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. तोंडात देवाचं नाव. त्यानं मासा लांब फेकला नि दोरी ओढली. मासा किंचित झुकला, सावरला, आणि शेपूट हलवत सरळ त्याच्याकडे येऊ लागला.

"दादा, पोहतोय! दादा, बघ ना..."

तो वळला. काठावर त्याच्या चपला तेवढ्या होत्या.