विणकाम : सोपे नमुने

त्याने मोबाइल काउंटरवर आपटला.

"वाचा."

ग्रंथपाल बाईंनी चष्मा वर सरकवला. 'आपल्या कुटुंबकार्डावर आज वाचनकक्षात वाचलेले पुस्तक : घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा.' खाली नव्या यंत्रणेचं हसरं चिन्ह होतं.

"बायको म्हणे पोरीसाठी गोष्टीची पुस्तकं आणायला येते. ही गोष्ट होय?"

"कुणी काय वाचावं हा ज्याचा त्याचा…"

"तुमचं शहाणपण तुमच्यापाशी ठेवा. बरं झालं ही सोय आली. नाहीतर आम्ही झोपेतच राहिलो असतो."

तो गेला. बाई तशाच मागच्या खोलीत शिरल्या. यंत्रणा बसवणारा तंत्रज्ञ तारा गुंडाळत होता.

"हे संदेश बंद कर."

"होत नाही, मॅडम. वाचनकक्षातलं टेबल पुस्तकातली चकती ओळखतं आणि कुटुंबप्रमुखाला कळवतं. सेवा आहे ती."

"सेवा? चहाडी म्हणतात याला!"

"मग त्यांना वेगळं कार्ड काढून द्या."

"त्याला संमती कुणाची लागते?"

त्याने तारेकडे पाहिलं. "कुटुंबप्रमुखाची."

"वा! चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." बाईंनी दार इतक्या जोरात लावलं की वाचनकक्षातली डोकी वर झाली.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको आली. मुलीचं पुस्तक डाव्या हाताने पुढे केलं. उजव्या मनगटाला पट्टी होती.

"दारात सापडला," कुणी न विचारताच ती म्हणाली. "एवढं परत करते, बाई. आता मी काही वाचणार नाही."

"किती राहिलं होतं?"

तिने मागे दाराकडे पाहिलं. "मुलीच्या ताब्याचं प्रकरण. वकिलाकडे जाण्याआधी वाचायचं होतं."

बाईंनी कपाटातून दोन पुस्तकं आणली, एक तिचं कायद्याचं, एक विणकामाचं. फूटपट्टीच्या कडेने दोन्हींच्या मलपृष्ठाआतल्या चकत्या खरवडल्या. नख तुटलं, तशी एक शिवी हासडली. कायद्याची चकती विणकामाच्या पुस्तकात गेली, विणकामाची कायद्याच्या. विणकामाचं पुस्तक त्यांनी स्वतःच्या खणात टाकून कुलूप लावलं आणि दुसरं तिच्यापुढे सरकवलं.

"बस. टेबलाच्या लेखी आता तू विणकाम वाचतेयस."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काउंटरशी होता. या वेळी मोबाइल हळूच ठेवला.

"विणकाम! बघितलंत? एकदा नीट समजावलं की बायकांना कळतं. माझ्यासाठी स्वेटर कर म्हटलंय मी."

बाईंच्या हातात तारखेचा शिक्का होता. तो त्यांनी समोरच्या पुस्तकावर असा हाणला की शाई पानभर पसरली.

"छान," त्या म्हणाल्या.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा रडकुंडीला आली होती.

"बाई, ते रोज विचारतात स्वेटर कुठवर आला म्हणून. मला तर सुई धरता येत नाही, आणि हा हात असा."

बाईंनी खण उघडला. आत राखाडी लोकरीचा गुंडा, दोन सुया आणि वीतभर विणलेला तुकडा होता. टाके वेडेवाकडे होते, आणि बोट शिरणार नाही इतके आवळलेले.

"हे घरी ने. तूच विणतेयस म्हण. येताना परत आण, पुढचं मी करीन."

"तुम्हाला येतं?"

"आता शिकतेय." बाईंनी खणातलं पुस्तक गुडघ्यावर उघडलं. "तू ते प्रकरण संपव आधी."

बराच वेळ फक्त पानांचा आणि सुयांचा आवाज येत होता.

"गळा किती ठेवू?" बाईंनी विचारलं.

तिने पान उलटलं. मान वर केली नाही.

"घट्ट."