हेडमास्तरांचं पुढे काय झालं

लेखिकेच्या सहा कादंबऱ्यांत मिळून एकदाही कुणी दार वाजवलं नव्हतं. तिच्या हे कधी लक्षात आलं नाही, संपादकांनी हेरलं. सातवी कादंबरी एका म्हाताऱ्या घड्याळजीची. तोही आपला खोलीत एकटा, पार शेवटच्या पानापर्यंत.

"बाई, वाचकाचा जीव गुदमरतो हो. शेवटी कुणीतरी येऊ द्या त्याच्याकडे. सोमवारपर्यंत द्या, नाहीतर पुस्तक यंदा राहिलं," त्यांनी निक्षून सांगितलं.

चार दिवस तिने डोकेफोड केली. शेजारीण आणून पाहिली, पोस्टमन आणला, हरवलेला भाऊसुद्धा आणला. सगळे उपटसुंभ वाटले. तिला खरं म्हणून एकच ठाऊक होतं: ती पाच वर्षांची, आई कपड्यांच्या कारखान्यात, दाराला बाहेरून कुलूप, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी म्हणजे कुणी येत नाही.

रविवारी ती आईकडे गेली. आईने तिचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. "डोळे साथ देत नाहीत" ही सबब चष्मा लागायच्या आधीपासूनची होती.

"पुस्तकाचं घोडं अडलंय," लेखिका फणकाऱ्याने म्हणाली. "एकट्या माणसाकडे कुणीतरी यायला हवं म्हणे. येणार कुठून? माझ्याकडे तरी कोण येत होतं?"

आई उसवलेली बाही शिवत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "एक सांगशील? त्या हेडमास्तरांचं पुढे काय झालं गं?"

"कोण हेडमास्तर?"

"पितळी बटण. चार भोकांच्या बाईंना मागणी घालायला निघाले होते बघ. छत्री विसरली म्हणून माघारी फिरले, आणि तेवढ्यात माझा कारखान्याचा भोंगा झाला."

लेखिका बघतच राहिली. कारखान्यातली टाकाऊ बटणं आई घरी आणायची. छोटी लेखिका दिवसभर त्यांचं गाव मांडायची, त्यांच्यात भांडणं लावायची. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"जेवणाच्या सुट्टीत यायचे मी, रोज," आई म्हणाली. "जिन्यावर, दाराला कान लावून उभ्या उभ्याच डबा खायचे. तुझं ऐकत."

"मग आत का नाही आलीस?" लेखिकेचा आवाज चढला.

"एकदा आले होते. परत निघाले तर असा टाहो फोडलास, रडून रडून निळी पडलीस. मग ठरवलं, तुला दिसायचंच नाही. चुकलं असेल माझं."

चुकलंच होतं. लेखिकेला भयंकर राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. सात पुस्तकं तिने रिकाम्या जिन्याकडे बघत लिहिली होती, आणि त्या जिन्यावर आई डबा खात उभी होती. घड्याळजीच्या दाराबाहेर कोण उभं आहे, हे आता तिला कळलं. ते माणूस दार वाजवणार नव्हतं. पण ते तिथे होतं, रोज.

"सांग ना," आई म्हणाली. "झालं का लग्न त्यांचं?"

खरं तर पुढचं तिलाही आठवत नव्हतं. तिने डोळे पुसले, आईच्या शिवणाच्या डब्यात हात घालून एक पितळी बटण शोधलं आणि टेबलावर ठेवलं.

"तर हेडमास्तर छत्री घेऊन पुन्हा निघाले…"

आईने सुई बाहीत खोचून ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.