वाल्डेनाऊंच्या रांगेतले एक झाड

सप्टेंबरातले ऊन मोरावियाच्या टेकड्यांवरून उतरते तेव्हा त्याला घाई नसते. आधी ते राजवाड्याच्या तांब्याच्या छपरावर बसते, मग तळ्यावर, मग नाशपतींच्या लांब रांगेवर. रांगेत शिरले की ते पिवळे होते, पानापानांतून गाळून येते आणि गवतावर मधासारखे सांडून राहते.

ते ऊनही वाल्डेनाऊंचेच, असे त्या मुलखात म्हणत.

कारण बाकी सगळे त्यांचेच होते. नदीकाठच्या गिरण्या त्यांच्या. डोंगरावरचे ओकचे रान त्यांचे, रानातली हरणे त्यांची. द्राक्षांचे उतार त्यांचे, माशांची तळी त्यांची, खोऱ्याखोऱ्यातली गावे त्यांची. गावांतल्या घंटासुद्धा त्यांच्या जन्ममरणासाठी आधी वाजायच्या, इतरांसाठी नंतर.

आणि ही रांग त्यांची. ही रांग हीच त्यांची वंशावळ. घराण्यात मुलगा जन्मला की रांगेच्या टोकाला नाशपतीचे एक रोप लागायचे. खोडावर पितळी पाटी, पाटीवर नाव. मेलेल्यांची झाडे फाटकाकडे, जिवंतांची तळ्याकडे. निळ्या ढालीवर सोन्याची नाशपती, ही त्या घराण्याची खूण.

मुलगा वयात आला की त्याने भावकीसमोर आपल्या झाडाचे पहिले फळ खायचे. तोवर त्या झाडाचे फळ कुणीच चाखायचे नाही. पडले तर मातीचे, नाहीतर पाखरांचे. फळ गोड, तर रक्त अस्सल. कुणा एका पूर्वजाचे फळ कडू निघाले आणि त्याची सगळी जहागीर चुलतभावाने नेली, ही गोष्ट गावात अजून सांगत.

या रांगेचा माळी ओन्द्रेय. म्हातारा, वाकलेला, हाताला कात्रीचे घट्टे. आज तो तळ्याकाठच्या शेवटच्या झाडाशी उभा होता. पाटीवर नाव होते एगोन फॉन वाल्डेनाऊ. झाड फळांनी लगडले होते. फळे लहान, गोल, तांबूस, खरखरीत सालीची.

त्या फळांत काय आहे ते फक्त गांधीलमाशांना माहीत होते. आणि ओन्द्रेयला.

तबेल्याच्या भिंतीमागे त्याचे घर. घरामागे एक जुने झाड. त्याची बायको रोझिना लग्न होऊन आली तेव्हा माहेरहून दोनच गोष्टी घेऊन आली: एक रजई, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले हे रोप. रानटी जात. फळ कच्चे खाल्ले तर जीभ आखडते, दात आंबतात. पण राखेत भाजले की तेच फळ लोण्यासारखे मऊ होते आणि त्याचा वास घरभर, अंगणभर, पार रस्त्यापर्यंत जातो. रोझिना ते भाजायची. बोटे पोळायची, फुंकायची, हसायची.

मग राजवाड्यात एगोन जन्मला.

रोझिनाच्या मांडीवर तेव्हा स्वतःचे बाळ होते, अजून मान न धरलेले. एगोनची आई, काउंटेसबाई, पाजत नसत. रोझिनाला बोलावले, न्हाऊ घातले, पांढरे कपडे दिले, आणि वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. दाईने घरी जायचे नाही, असा नियम. बाहेरची हवा नको, बाहेरचा आजार नको. तिचे दूध राजवाड्याचे झाले. तिच्या बाळाला ओन्द्रेय कापडाच्या बोळ्याने शेळीचे दूध पाजू लागला.

हिवाळ्यात बाळ तापले. ओन्द्रेय मागच्या फाटकाशी गेला. टोपी हातात, बर्फ डोक्यावर.

"पोर तापलंय, कारभारीसाहेब. घटकाभर सोडा तिला."

"आणि तो ताप आमच्या पाळण्यात येऊ देऊ?" कारभारी होफर म्हणाला. "जा, शेळीचं दूध पाज. तुमची पोरं चिवट असतात."

तुमची पोरं चिवट असतात. हे वाक्य ओन्द्रेय घरी घेऊन आला. बाळ गेले, वाक्य राहिले. दूध आटेल म्हणून रोझिनाला कळवले ते दफन उरकल्यावर.

तरी दूध आटले नाही. तिने पाजले. पाजले, चालायला शिकवले, गोष्टी सांगितल्या. धाकट्या मालकाचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा कुठे एक करडी शाल देऊन तिला घरी पाठवले. घरी येऊनही ती त्याच्याविषयीच बोलायची. आज पाऊस आहे, त्याला कान दुखत असतील. ओन्द्रेय भांडी आपटायचा.

"त्याचं नाव काढू नकोस या घरात!"

"त्या पोराचं काय चुकलं, ओन्द्रा?"

तो भांडी आणखी जोरात आपटायचा. पुढे एका हिवाळ्यात रोझिना खोकत गेली. राखेत शेवटच्या नाशपती होत्या. त्या तशाच कोळसा झाल्या.

त्या वसंतात ओन्द्रेयने कात्रीला धार लावली नाही, सुरीला लावली. घरामागच्या झाडाच्या काड्या कापल्या, ओल्या फडक्यात घेतल्या. होफरला म्हणाला, "एगोनसाहेबांच्या झाडाचा शेंडा थंडीनं जळालाय, छाटावा लागेल." छाटला. बुंध्यात पाचर ठोकली, काड्या बसवल्या, मेण लावले, दोर गुंडाळला. बायकोला रजईत गुंडाळावे तशा हलक्या हाताने. शत्रूला आवळावे तितका घट्ट.

खाली त्यांचे मूळ. वर तिची फांदी.

मग वाट पाहिली. पाने आली, गळली. फुले आली, गळली. फळे आली, आणि नियमाने कुणी शिवली नाहीत. ओन्द्रेय रोज आळे करताना मनात तेच चित्र रंगवायचा: भावकी गोल उभी आहे, एगोन फळ चावतो, त्याचे तोंड वेडेवाकडे होते, तो थुंकतो. त्या चित्रावर तो जगला. दुसरे काही घरात नव्हतेच. त्याने स्वतः त्यानंतर एकही नाशपती भाजली नव्हती.

आज तो दिवस उजाडला.

रेशमी छत्र्या, घोड्यांचा घाम, पावडरीचा वास. चुलत शाखेचे बॅरन पोट सावरत झाडाशी आले. जहागिरीवर त्यांचा किती डोळा आहे ते घोड्यांनाही माहीत होते.

"काय माळीबुवा, फळ गोड आहे ना? नाहीतर मी सामान गाडीतून उतरवूनच घेतो!"

लोक हसले. ओन्द्रेय हसला नाही.

होफर आता थरथरता झाला होता, पण आवाज तसाच होता. त्याने वंश वाचला. अमक्याचा पुत्र तमका, तमक्याचा पुत्र अमका, याने गिरण्या मिळवल्या, त्याने रान मिळवले, हुंड्यात हे खोरे आले, लढाईत ते. नावे पडत राहिली, जडजड, पितळेची. त्यांत बापांची नावे होती. पाजणारीचे एकही नव्हते.

एगोन पुढे आला. उंच, काटकुळा, टोपी काखेत. त्याने फळ तोडले आणि चावले.

ओन्द्रेयला त्याचे तोंड तेवढे दिसत होते. जबडा आवळला. डोळ्यांत पाणी तरारले. बॅरन टाचा उचलून पाहू लागले.

थुंक, ओन्द्रेय मनात म्हणाला. थुंक.

एगोनने गिळले. पुन्हा चावले. सावकाश, डोळे मिटून, देठापर्यंत, बियांसकट त्याने ते फळ खाल्ले.

"ही राखेत भाजायची असते," तो हळूच म्हणाला. "ही रोझिनाची आहे. घरी गेल्यावरही ती शालीखालून चोरून आणायची मला."

वारा पडला. इतकी वर्षे पाजळलेले पाते त्या पोराने भाकरीसारखे चावून खाल्ले होते. ओन्द्रेयला राग चढत आला. दूध यालाच, मांडी यालाच, अंगाई यालाच. आता ही चवही याचीच!

"तिचीच!" तो ओरडला. "बुंधा तुमचा, वर सगळी ती. मी कलम बांधलंय. तुम्ही थुंकावं म्हणून बांधलंय!"

"धरा त्याला!" होफर किंचाळला. एगोनने हात वर केला, तसे नोकर थांबले.

बॅरन खूश झाले होते. "म्हणजे वाल्डेनाऊंच्या गादीला माळ्याच्या परसातलं फळ लागलं म्हणायचं!"

"माझी हाडं तिच्या दुधाची आहेत, काका," एगोन म्हणाला. "फळ खरं तेच सांगतंय. सामान गाडीतच राहू द्या."

मग तो ओन्द्रेयकडे वळला. आता त्याचा आवाज लहान झाला होता.

"तिला एक मुलगा होता ना, ओन्द्रेयबाबा? मला झोपवताना ती कुणासाठी तरी रडायची. विचारलं की तोंड फिरवायची. त्याचं नाव काय होतं? माझ्या शेजारी त्याचं झाड लावू. या रांगेत."

सगळे बघत राहिले. रांग बघत राहिली, मेलेल्यांची आणि जिवंतांची. इतक्या वर्षांत त्या राजवाड्यातल्या कुणीही हे विचारले नव्हते.

ओन्द्रेयचे ओठ हलले. नाव जिभेपर्यंत आले. त्याने ते परत गिळले, तुरट घास गिळावा तसे.

"नाही," तो म्हणाला. "रान तुमचं, गिरण्या तुमच्या. तिचं दूध तुमचं झालं, तिची माया तुमची झाली. तेवढं नाव माझ्याकडे उरलंय. ते मिळायचं नाही."

"मी मागतोय, बाबा. हुकूम नाही करत."

"म्हणूनच नाही म्हणता येतंय," ओन्द्रेय म्हणाला. त्याने कमरेची कलमाची सुरी काढून गवतावर टाकली आणि तो निघाला. रांगेतून, पाट्यांमधून, एकाही नावाकडे न बघता.

संध्याकाळी तो घरामागच्या झाडाखाली बसला होता. तिथून तळ्याकाठ दिसायचा. पाहुणे गेले होते. शेवटच्या झाडाशी एक उंच आकृती होती. तिने खोडावरची पाटी उपटली, हातात धरली आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग आकृती गेली. खोडावर एक फिकट चौकोन उरला. रिकामा. एका नावाएवढा.

ओन्द्रेयने तो चौकोन डोळे भरून पाहिला. तो उद्या तसाच राहील, परवा राहील. कोवळी साल त्यावर चढेल, तोवर तो तसाच राहील. माळ्याला त्याचे समाधान वाटले.

मग त्याने काटक्या गोळा केल्या, पेटवल्या, आणि राख धरल्यावर त्यात एक नाशपती पुरली. वास उठला. घरभर, अंगणभर, पार रस्त्यापर्यंत.

त्या वासात तो ते नाव बोलला. एकदाच, हळू, पाळण्यावर वाकून बोलावे तसे. ते झाडाने ऐकले, राखेने ऐकले. वर एक देठ सुटला. फळ पानांतून खाली आले, गवतात पडले, आणि तिथेच राहिले.