शिलाची मुक्कामी गाडी

"मुक्कामी? तुला? बाई, डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?"

हिंगोली डेपोतले वाहतूक नियंत्रक रत्नपाल खिल्लारे हातातला चहा तसाच धरून कंडक्टर शिला राठोडकडे बघत राहिले. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी खेड्यात जायचं, रात्र तिथंच काढायची, सकाळची पहिली फेरी घेऊन परत यायचं. जेवणाची सोय नाही, अंघोळीची नाही, डास मात्र पोटभर. ही ड्युटी लागली की भले भले कंडक्टर अचानक आजारी पडत. आणि ही बाई आपल्या तोंडानं मागत होती!

"सेनगावकडची मागून राहिले, साहेब. आमच्या तांड्यावर जाते ती. न्हाईतर राजीनामा घ्या माझा."

अलीकडे शिलाचं काम पार बिघडलं होतं. खाडे काय, तिकिटांचे घोळ काय, एकदा तर एका आजोबांना भलत्याच थांब्यावर उतरवलं. दुसऱ्या साहेबानं आधी नोटीस हातात दिली असती. रत्नपालांनी खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "घरी काय झालंय?"

एवढं विचारायचा अवकाश, शिलाला रडूच फुटलं. आई, पारुबाई, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. नवरा जगन ट्रकवर, कधी गुजरातेत तर कधी आंध्रात. दिवसा शेजारची धुरपताबाई बघायची, पण रात्री म्हातारीची कूस बदलायला कोण? ड्युटी संपेपर्यंत तांड्याकडं जाणारी शेवटची जीपही गेलेली असे.

"बाईमाणसाला मुक्काम देत न्हाईत आपण," रत्नपाल म्हणाले.

"घरीच जायचं तर त्याला मुक्काम काहून म्हणायचं, साहेब?"

रत्नपालांनी ड्युटीचा तक्ता पुढे ओढला. "बरं. ड्रायव्हर ग्यानोबा देतो. घोरतो लई, पण माणूस सोन्यासारखा. समाजमंदिरात झोपल."

वरचे साहेब मात्र कुरकुरले. सकाळी गाडी रिकामी येते, मुक्कामच बंद करा म्हणाले. "उन्हाळ्यापर्यंत थांबा, जबाबदारी माझी," असं रत्नपाल त्यांना सांगून आले. ते कानावर आलं तशी शिलानं कंबर कसली. या माणसाला खाली बघायची वेळ आणायची नाही, बस्स.

आईला भरवून झालं की ती तांड्यात दारोदार फिरायची.

"मिराकाकी, उद्या दवाखान्यात जाणार ना? जीपला लटकून काहून जाता?"

"तुझी गाडी टायमावर निघते का पण?"

"माझ्या दारातून निघते, काकी. टायमावर न्हाई निघाली तर मला धरा!"

तांड्यातल्या देविदासनं, पोरीला जीपनं पाठवायला नको म्हणून, बारावीतल्या पुजाची शाळा बंद करायची ठरवली होती. "शिला असते गाडीत, तर जाऊ दे," म्हणाला. तिच्या मागं आणखी पोरी निघाल्या. गाडी भरू लागली. खाडे थांबले, घोळ मिटले. डेपोत कोणी म्हणालं, साहेबानं हिला लाडावून ठेवलंय. रत्नपाल हसले, "भरलेली गाडी आणा, तुमचेबी लाड करतो!"

बारावीच्या पेपरच्या दिवशी पहाटे पारुबाई गेली. लेकीच्या हातावरच गेली. शिला ढसाढसा रडली आणि मग तिनं फोन लावला.

"साहेब, आई गेली. पोरींचा पेपर हाय, गाडी मी आणते..."

"गाडीचं नाव काढू नको. आईजवळ बस. मी येऊन राहिलो."

खरंच आले. थंडीत मोटरसायकल हाणत आले, म्हातारीच्या पाया पडले आणि तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं. पण पोरी गाडीत चढेनात. सगळा तांडा शिलाच्या दारात गोळा झालेला.

"मयत दारात ठेवून कसं जायचं?" देविदास म्हणाला. "ऱ्हाऊ दे आजचा पेपर."

ते ऐकून शिला उठली. धुरपताबाई आडवी आली, तिलाही बाजूला सारून बाहेर आली.

"ही गाडी माझ्या आईपायी टिकली, देविदासभाऊ. तिच्यापायी चुकायची न्हाई. पुजा, चढ वर. रडायचं ते पेपर झाल्यावर रड."

पोरी डोळे पुसत चढल्या. आतून पुजाचा रडवेला आवाज आला, "साहेब, ते न्हाई, हे बटण दाबा." शिलानं दार ओढून लावलं, खिट्टी बसली का बघितली आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा हात मारला. ग्यानोबानं मान खाली घालून गाडी काढली.

गाडी वळणाआड गेल्यावर ती आत येऊन आईच्या उशाशी बसली.