आधी पुडिंग

ट्रेव्हरने ओव्हनमधून साचा बाहेर काढला तेव्हा खळग्यांतली बीफच्या चरबीतून धूर निघायला लागला होता. त्याने उजव्या हाताने जग उचलला आणि एकेका खळग्यात पुडिंगचे अंड्या-दुधाचे पातळ पीठ ओतले; गोड नव्हे, पावासारखे फुगणारे, ग्रेव्हीबरोबर खायचे खारे पुडिंग. प्रत्येक वेळी चर्र आवाज झाला. डावा हात त्याने अंगाशी धरला होता. डायलिसिसच्या सुया त्याच हातात टोचत, त्यामुळे त्या हाताने तो जड काही उचलत नसे. साचा आत सरकवून त्याने गुडघ्याने दार लावले.

"आता फुगेपर्यंत कुणी दाराला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "आई आली तरी नाही."

सिंकपाशी त्याची थोरली बहीण बेव्हर्ली छोट्या कोबीची वरची पाने काढत होती. ती हसली, पण वळली नाही.

आई आलीच. मुरिएलने ऐंशी ओलांडली होती, तरी ख्रिसमसचे टेबल ती दुसऱ्या कुणाला मांडू देत नसे. डोक्यावर ख्रिसमसच्या कागदी फटाक्यातून निघालेला जांभळा कागदी मुकुट होता. दोघांनी दोन टोके धरून ओढायचा तो फटाका तिने जेवायच्या आधीच एकटीने ओढला होता.

"बेव, तुझं ताट वेगळं काढलंय हं. कोबी, गाजर आणि बीफचे दोन पातळ काप. बटाटा नाही, पुडिंग नाही."

"हो, आई."

"पाच किलो तर राहिलेत. दोन दिवस तोंडावर ताबा ठेवायचा, एवढंच. तुझ्या जागी मी असते ना, तर पाणी पिऊन राहिले असते."

"तुझी किडनी डॉक्टरांनी घेतली नसती, आई," ट्रेव्हर म्हणाला. "थेट म्युझियमला पाठवली असती."

मुरिएलने त्याच्या पाठीत हलकेच धपाटा घातला आणि हसत बाहेर गेली.

मागल्या हिवाळ्यात ट्रेव्हरच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. घरातल्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात जुळली ती फक्त बेव्हर्लीची. मात्र शस्त्रक्रियेआधी वजन उतरायला हवे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी मुरिएलने निम्म्या ओटली गावाला फोन केले. चर्चमधल्या बायका रस्त्यात थांबवून बेव्हर्लीचे हात दाबत. वसंतात वजन भराभर उतरले. उन्हाळ्यात ते थांबले. आणि या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सने वजनकाट्यावरचा आकडा फक्त लिहून घेतला होता. घरी येऊन बेव्हर्लीने सांगितले होते, "काटा जरा अडलाय."

ट्रेव्हरने स्टूल ओढले आणि ओव्हनच्या काचेसमोर बसला. आत पिठाच्या कडा वर चढू लागल्या होत्या.

"सकाळी खुर्च्या आणायला तुझ्या गाडीत बसलो होतो," तो म्हणाला. "गाडी आहे की ख्रिसमसच्या गोड मिन्स-पाईंचं दुकान? माझ्या पँटला मागे पिठीसाखर लागली."

बेव्हर्लीच्या हातातली सुरी थांबली. नळ चालूच होता. ट्रेव्हरने बसल्या बसल्या हात लांब करून तो बंद केला.

"ऑफिसातल्या मुलींनी..." ती म्हणू लागली.

"बेव, मी रागावलो नाहीये."

"रागाव ना मग!" ती एकदम वळली. "मला द्यायची आहे, ट्रेव्ह. सकाळी उठते तेव्हा द्यायचीच असते. मग दवाखान्याचा फोन येतो, आणि मी गाडी घेऊन बाहेर पडते. कुठे चाललेय ते मला कळत असतं आणि तरी मी जाते. गाडीतच बसून खाते. चवसुद्धा लागत नाही रे."

तिने ओले हात ॲप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले.

"त्या स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवलं होतं ना मला, तेव्हा वाटलं, मी इथून उठणारच नाही. तू दर आठवड्याला तीनदा सुया टोचून घेतोस. आणि मी ही अशी."

ट्रेव्हरने काचेतून पुडिंगांकडे नजर टाकली.

"पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्यांनी मला एक सांगितलं होतं," तो म्हणाला. "देणाऱ्याला नको वाटलं, तर त्याने फक्त त्यांच्या कानावर घालायचं. ते घरच्यांना एवढंच कळवतात की जमत नाही. का जमत नाही, ते कुणालाच सांगत नाहीत. आईलाही नाही. मलाही नाही."

"आणि तुझं काय?"

"किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव आहेच माझं. मिळेल कुणाची तरी."

"नाही मिळाली तर?"

"तर डायलिसिस आहे. तिथल्या नर्सेस दिसायलाही तुझ्यापेक्षा बऱ्या आहेत."

ती हसली नाही. तिने कोबीचे भांडे गॅसवर ठेवले आणि पाणी उकळेपर्यंत भावाच्या मागे उभी राहिली. एक हात त्याच्या खांद्यावर होता. पुडिंगे साच्याबाहेर डोकावून सोनेरी झाली होती.

टेबलावर नेहमीप्रमाणे आधी पुडिंगे आली, नुसती, कांद्याच्या ग्रेव्हीबरोबर. मांस नंतर. या घरात कधीच दुसरी पद्धत नव्हती. ट्रेव्हरने आईला एक वाढले. मग चिमटा फिरवून त्याने दुसरे बेव्हर्लीच्या ताटात ठेवले.

"अरे!" मुरिएल म्हणाली. "तिला कुठे वाढतोस?"

"मोठं आलंय ते. वाया जाईल."

"ट्रेव्हर, चेष्टा पुरे. उचल ते. पाच किलो..."

"आई." बेव्हर्लीने काटा हातात घेतला होता. तिचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "माझं वजन उतरणार नाही."

"अगं, असं कसं? जानेवारीत परत नेटाने..."

"जानेवारीतही नाही उतरणार."

मुरिएलने मुलीकडे पाहिले. बेव्हर्लीने नजर खाली वळवली नाही. मग मुरिएलने मुलाकडे पाहिले. तो आपल्या पुडिंगचा एक तुकडा तोडून नीट चावत होता, जणू आज दुसरे काही कामच नव्हते. चावता चावता त्याने आईकडे बघून मान किंचित हलवली.

शेजारच्या घरात कुणीतरी फटाका ओढला आणि लहान मुले ओरडली.

मुरिएलने डोक्यावरचा कागदी मुकुट काढला. त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो ताटाखाली सरकवला. ती उठली तेव्हा तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. ग्रेव्हीचे भांडे दोन्ही हातांनी धरून ती टेबलाला वळसा घालून मुलीच्या बाजूला आली आणि पुडिंगच्या मधल्या खळग्यात ग्रेव्ही ओतू लागली. थोडी टेबलक्लॉथवर सांडली. खळगा काठोकाठ भरेपर्यंत ती थांबली नाही.

"कोरडं खाऊ नकोस," ती म्हणाली.