हात आधी, डोकं मागून

बांधकामावर सगळे तिला वरची म्हणत आणि त्याला खालचा. ती टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, साठ मीटर उंचावर. तो खाली हुकाशेजारी, कमरेला वॉकी-टॉकी लावून. वरून तिला माणसं मुंग्यांएवढी दिसत आणि इमारतीच्या पलीकडे तर काहीच दिसत नसे. तिथे तो सांगेल ते खरं. "डावीकडे, अजून, अजून, बस." नऊ वर्षं ती त्याच्या डोळ्यांनी पाहत आली होती. नवराबायकोसुद्धा एकमेकांचं इतकं ऐकत नाहीत, असं मुकादम म्हणे, आणि मुकादमाच्या घरची परिस्थिती पाहता तो अनुभवानेच बोलत असावा.

तर या खालच्याला पोलिसांनी गोळी घालून मारलं. कामावरून घरी जाताना, संध्याकाळी सव्वासहाला, औषधाच्या दुकानासमोर. जवळच्याच गल्लीत कुणीतरी पिस्तूल दाखवून पेढी लुटली होती आणि लुटणाऱ्याच्या अंगात करडं जाकीट होतं. खालच्याच्याही अंगात करडंच होतं. शहरातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगात असतं. मागून आवाज आला, "थांब." तो थांबला. थांबला आणि त्याचा उजवा हात कमरेकडे गेला. दुकानाच्या कॅमेऱ्यात हे सगळं चार सेकंदांत मावलं आहे. कमरेला काहीही नव्हतं. वॉकी-टॉकी तो रोजच्यासारखा गेटवर जमा करून निघाला होता.

मग बोलणाऱ्यांना ऊत आला. ज्यांनी उभ्या जन्मात पोलीस चौकीची पायरी चढली नव्हती, ते हे चार सेकंद पुढे-मागे करून सांगू लागले की कुठे काय चुकलं. त्यात एक नट होता. बारा सिनेमांत पोलीस झालेला. "मी वर्दी घातलेली आहे, मला कळतं," तो म्हणाला. ती वर्दी त्याच्या अंगावर कपडेपटातल्या माणसाने चढवली होती, पण ते त्याला कुणी विचारलं नाही. तो पुढे म्हणाला, "निर्दोष माणसाचा हात वर जातो. कमरेकडे जात नाही." झालं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण नटाची जीभ म्हणजे काय साधी गोष्ट आहे? दुसऱ्या दिवशी ते वाक्य रिक्षांच्या पाठीवर आलं, तिसऱ्या दिवशी सदऱ्यांवर छापून आलं. खालच्याची मुलगी शाळेत गेली की पोरं तिच्यासमोर कमरेला हात लावून दाखवत.

दुसऱ्या बाजूलाही माणसं होतीच. एका गायिकेने आपले भरलेले डोळे छान उजेडात दाखवले आणि आज आपल्याला घास गेला नाही असं लिहिलं. त्यात खालच्याचं नाव चुकलं होतं. त्याच्या बायकोची गत भीक नको पण कुत्रं आवर अशी झाली. एक बाजू नवऱ्याला दरोडेखोर म्हणत होती, दुसरी त्याचा फोटो लावून आपापली भांडणं उकरत होती, आणि हात कमरेकडे का गेला हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक होतं वरचीला. ते चार सेकंद तिने एकदाच पाहिले. हात हलताना दिसला आणि तिने फोन बंद केला.

तीन वर्षांपूर्वी एक लोखंडी चौकट खाली येत असताना कोपऱ्यातून सुतार ओरडला होता, "थांब." नियम असा की कुणीही, अगदी चहावालाही थांब म्हणाला, की खालच्याने कमरेच्या वॉकी-टॉकीचं बटण दाबून ते वर पोचवायचं. कोण ओरडलं, का ओरडलं, हे नंतर. पण त्या दिवशी त्याने आधी मान वळवून पाहिलं. तेवढ्यात सुताराची दोन बोटं गेली.

त्याला कामावरून काढणार होते. वरचीने मुकादमाच्या हातापाया पडून त्याला ठेवून घेतलं आणि मग स्वतः त्याची शिकवणी धरली. महिनाभर ती त्याच्या मागेच लागली. गेटवर, नळावर, डबा खाताना, मागून जाऊन एकदम म्हणायची, "थांब." पहिले काही दिवस तो वळून पाहायचा. ती ओरडायची, "विचार नको करूस. हात आधी, डोकं मागून." पंधरवड्याने हात आपोआप जाऊ लागला. वॉकी-टॉकीचा सेट चार्जिंगला टेबलावर पडलेला असला, तरी हात रिकाम्या कमरेकडे जायचाच. सगळे हसायचे. तोही हसायचा. पुढे तो एक खेळच होऊन बसला, आणि आपण एक माणूस पक्का केला याचा तिला मनापासून अभिमान होता.

चौकशी सोमवारी होती. आदल्या दिवशी ती त्याच्या घरी गेली. दोन खोल्या, दाराशी त्याचे कामाचे बूट तसेच. बायकोने फोन पालथा घालून ठेवला होता.

"वकील म्हणतात, सगळं एका प्रश्नावर अडलंय," बायको म्हणाली. "ताई, नऊ वर्षं तुम्ही ह्यांना पाहिलंय. हात का गेला?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. कुणी तिचा हात धरला नसता. येताना जिन्यात तिने तसं ठरवलंही होतं. पण त्या बुटांवर नजर गेली आणि तिने सगळं सांगितलं. सुताराची बोटं, शिकवणी, खेळ. सांगताना तिला रडू आलं, आणि रडण्याचा हक्क आपल्याला नाही म्हणून लाजही वाटली.

बायकोने दाराशी जाऊन ते बूट सरळ लावून ठेवले. मग म्हणाली, "घरीपण जायचा हात. पोर मुद्दाम मागून ओरडायची, थांब. हे भाजी चिरत असले तरी सुरी टाकून कमरेला हात. आम्ही पोट धरून हसायचो. मला वाटायचं, पोरीला हसवायला करतायत." मग तिने विचारलं, "उद्या हे सगळं सांगाल?"

"सांगेन, वहिनी."

सांगितलं. लांब टेबलामागे तिघं बसले होते, वर पंखा कुरकुरत होता. पोलीस खात्याचा वकील फार सभ्य माणूस निघाला. तिला पाणी द्यायला लावलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्याने दोनच प्रश्न विचारले.

"म्हणजे थांब ऐकल्यावर हा हात कमरेकडे जाणारच होता. त्याचा त्यालाही आवरला नसता?"

"नसता."

"आणि झपाट्याने जाणारा?"

"झपाट्यानेच. पण—"

"आभारी आहे, बाई. तुमच्या धैर्याचं कौतुक आहे."

तिचा 'पण' तोंडातच राहिला. पण तो थांबला होता. पण हात रिकामा होता. पण 'थांब' आणि गोळी यांच्यामध्ये माणसाला मान वळवण्याएवढीही जागा ठेवली नव्हती. हे सगळं तिला नीट, ओळीने सुचलं, ते जिना उतरताना. तिथे ऐकायला शिपाई होता.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. निकालात खालचा स्वच्छ सुटला: निर्दोष, कष्टाळू, सवयीने हात गेला. आणि सवयीने का होईना, हात गेलाच होता, म्हणून गोळी घालणाराही स्वच्छ सुटला. संध्याकाळी नटाने लिहिलं, "त्या क्रेनवाल्या ताईंच्या प्रामाणिकपणाला सलाम. अखेर दोष कुणाचाच नव्हता." लोकांनी त्यावर लाल बदामांचा पाऊस पाडला. आपलं आधीचं वाक्य त्याने मागे घेतलं नाही. सदरे खपत होते. गायिका तोवर दुसऱ्या कशासाठी तरी रडत होती.

त्या आठवड्यात खालच्याची बायको त्याच्या कपाटातलं सामान न्यायला बांधकामावर आली. एक टॉवेल, एक कप, कंगवा. वरची तिच्या समोर जाऊन उभी राहिली.

"वहिनी, मी खरं तेच सांगितलं."

"माहितीये मला. पोरीला आता शाळेत कुणी काही म्हणत नाही." तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "दोष कुणाचाच नाही म्हणे. माणूस तेवढा गेला." मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "नवीन कुणी आलं का ह्यांच्या जागी?"

"उद्या येतोय."

"त्यालाही हेच शिकवणार?"

"शिकवावंच लागतं. खाली माणसं असतात."

"हो, ते खरंच." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मग त्याच्या बायकोला आधी सांगा, ताई. मला माहीत असतं तर मी हसले नसते."

दुसऱ्या दिवशी नवा माणूस आला. पन्नाशी उलटलेला, दुसऱ्या बांधकामावरून बदलून आलेला, बोलका. मुकादम त्याचा सेट हातात घेऊन घाई करत होता. काँक्रीटच्या दोन गाड्या गेटवर घरघरत उभ्या होत्या. वरची शिडीपाशी उभी होती आणि वर चढत नव्हती.

"बाई, मला शिकवण्यासारखं काही नाही," नवा हसत म्हणाला. "पंचवीस वर्षं हेच करतोय. चला, माल उचला."

"थांब," ती म्हणाली.

ओरडली नाही, साधंच म्हणाली. नव्याचा उजवा हात कमरेवर जाऊन बसला होता. सेट मुकादमाच्या हातात होता. तिघांनीही त्या हाताकडे पाहिलं. नव्याचं हसू मावळलं. त्याने हात खाली घेतला, मग खिशात घातला, मग काहीतरी मनात येऊन तो पुन्हा बाहेर काढला.

"घरी कोण असतं तुमच्या?" तिने विचारलं.

"बायको."

"उद्या येताना तिला घेऊन या. मला तिच्याशी बोलायचंय."

गेटवरच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुकादमाने त्याला हातानेच दम धरायला खुणावलं. नवा अजून आपल्या हाताकडेच पाहत होता.

"बाई," त्याने हळूच विचारलं, "मग घरी जाताना हा ठेवायचा कुठे?"

तिला ते माहीत नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं.